चार बोटांची पट्टी

सत्य कधी झाकून राहत नाही. डोंगराखाली पुरा, समुद्रात बुडवा, एक ना एक दिवस ते वर येतंच, असं आमच्या गावाला येऊन गेलेला प्रत्येक कीर्तनकार सांगून गेला आहे. आमच्या गावात ते वैशाखातल्या आखाजीपासून दिवाळीपर्यंत झाकून राहिलं, आणि त्यासाठी लागलं काय, तर चार बोटं लांब कागदाची पट्टी आणि वाटीभर चिंचोक्याची खळ.

गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताच्या जोडीनं नांदत होतं तेव्हाची. नागपुरात निवडून आलेले मंत्री नुकतेच खुर्चीवर बसले होते, आणि आता सरकारचा कारभार रयतेसमोर उघडा राहणार, असं जो तो जो भेटेल त्याला सांगत होता. त्या उघड्या कारभाराचा पहिला कागद आमच्या चावडीच्या भिंतीवर लागला. त्यातली झाकलेली जागा तेवढी एकच होती, आणि ती नावाची होती.

प्रकरण सडकेचं होतं. आमच्या गावाहून डोणगावच्या बाजाराला सडक व्हायची होती. नकाशात ती काठीसारखी सरळ होती. रंगरावांच्या काळ्या वावराच्या मधून निघून पलीकडच्या माळी लोकांच्या मळ्यांना चाटून ती बाजाराकडे जाणार होती. वांगी तोडली की गाडीत, गाडी निघाली की बाजारात. प्रत्यक्षात सडक रंगरावांच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी आली, थबकली, चुलत सासरा समोर दिसल्यावर नवी नवरी वळते तशी वळली, आख्ख्या वावराला वळसा घालून गावाच्या कडेनं थेट भगवंतरावांच्या फाटकासमोर आली आणि तिथून पुढं गेली. मळे दीड कोस बाजूला पडले.

मळेवाल्यांतला पुंजाजी हा तोंडाचा फटकळ आणि चिकट माणूस. त्यानं सतरा जणांचे अंगठे घेऊन अर्ज केला. चौकशीचे साहेब आले, त्यांनी साखळीनं सडक मोजली, सडक आखणाऱ्या ओव्हरशियरचा जबाब घेतला, त्याची लांब कुठं तरी बदली केली, आणि जाताना निकालाची नक्कल चावडीवर चिकटवून गेले. त्यात लिहिलं होतं :

‘सदर सडक गावातील एका मातब्बर गृहस्थाच्या सांगण्यावरून वळविण्यात आली, हे चौकशीअंती सिद्ध झाले आहे. सदर गृहस्थांस सरकारदरबारी खुर्चीचा मान आहे. त्यांचे नाव प्रसिद्ध झाल्यास रयतेचा खुर्चीवरील विश्वास उडेल, सबब ते झाकण्यात आले आहे.’

आणि नावाच्या जागी ती पट्टी.

आता खुर्चीचा मान म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. साहेब गावात आले की चावडीत गाव सतरंजीवर बसे. खुर्च्या तीन. एक साहेबांची, एक भगवंतरावांची आणि एक रंगरावांची. म्हणजे साहेब वजा केले तर उरले दोघं. त्या दोघांतून गावानं एक निवडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही घेतला नाही.

“सडक कोनाच्या फाटकासमोर आली?” पुंजाजीनं विचारलं.

“भगवंतरावच्या.”

“मंग झालं तं!”

शेषराव पटवाऱ्यांनी यात शास्त्र आणलं. त्यांनी पट्टीवर बोटं ठेवून मोजलं आणि निर्णय दिला, “रंगराव तीन बोटात मावते. हे चार बोटं हाये. भगवंतरावच.” त्या दिवशी गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी त्या पट्टीवर बोटं ठेवून पाहिली. शेवटी पट्टी काळी पडली, पण खळ पक्की होती.

खरी गोष्ट पृथ्वीतलावर चार जणांना ठाऊक होती : बदली झालेला ओव्हरशियर, चौकशीचे साहेब, रंगराव आणि रंगरावांच्या अन्नपूर्णाबाई. सडक रंगरावांनी वळवली होती. वावराची दोन फाकं होऊ नयेत म्हणून त्यांनी ओव्हरशियरला वावरात रोडगे खायला बोलावलं. गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, आणि रोडगा कुस्करून त्यावर तूप. तूप किती, याबद्दल ओव्हरशियरनं जबाबात ‘भरपूर’ एवढंच म्हटलं आहे. जेवण झाल्यावर त्यानं निंबाखाली आडवं होऊन दुर्बीण लावली, आणि आडव्या माणसाला सडक वाकडी दिसली यात नवल काही नाही.

कागद लागला त्या संध्याकाळी रंगरावांनी मारुतीला नारळ फोडला. पट्टीच्या आत आपण सुरक्षित आहोत, खुर्ची वाचली, अब्रू वाचली. घरी येऊन ते दोन भाकरी जास्त जेवले. ते शेवटचं सुखाचं जेवण.

कारण दुसऱ्या दिवसापासून भगवंतराव मोठे व्हायला लागले.

रंगराव आणि भगवंतराव यांची धुऱ्याला धुरा आणि भिंतीला भिंत. फरक एवढाच की भगवंतरावांचं फाटक बाहेर सडकेकडे, आणि रंगरावांचं दार आतल्या बोळात. त्यामुळं सडकेची धूळ भिंतीवरून रंगरावांच्या परसात येई आणि सडकेचा मान भगवंतरावांच्या फाटकात थांबे. आता तर मान बैलगाडी करून यायला लागला. साखरखेर्ड्याहून एक माणूस आला. त्याच्या घरामागून नाला वाहत होता, तो जरा पलीकडून वाहावा अशी त्याची इच्छा होती. हिवऱ्याहून दोघं भाऊ आले, त्यांना जावयाला शाळामास्तर करायचं होतं. “ज्या मानसानं सरकारची सडक वाकवली, त्याले मास्तर वाकवनं काय कठीन हाये?” असं ते मोठ्यानं बोलत आले.

रंगराव परसात उखळ उपडं करून त्यावर उभे राहत आणि भिंतीपलीकडचं ऐकत.

भगवंतरावांनी सडक आपण वळवली असं कधी म्हटलं नाही. वळवली नाही असंही कधी म्हटलं नाही. कोणी विचारलं की ते सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत, आभाळाकडे पाहत आणि म्हणत, “जाऊ द्या बाप्पा. होऊन जाते कधी कधी.”

रंगरावांना सगळं सहन झालं असतं, हा विनय सहन झाला नाही.

“आयकलं का वं?” ते उखळावरून उतरून चुलीपाशी येत. “होऊन जाते म्हन्ते! त्याच्या बापानं रोडगे खाऊ घातले होते काय?”

“तुमच्या बापानं बी नाई,” अन्नपूर्णाबाई म्हणत. “पीठ म्या मळलं. तूप माह्या म्हशीचं होतं. तुमी फक्त ‘घ्या साहेब, घ्या साहेब’ केलं. त्या पट्टीखाली खरं तं माह्यं नाव पाह्यजे.”

हे उत्तर रंगरावांच्या लक्षात राहिलं. आधी एक चोर होता, आता घरातच दुसरा निघाला.

पुढं पुढं त्यांचं जेवण कमी झालं. झोप उडाली नाही, पण झोपेत ते दात खायला लागले. भगवंतरावांनी फाटकाला निळा रंग दिला तेव्हा ते म्हणाले, “काऊन? फाटक का नवरदेव हाये?” भगवंतरावांनी आल्यागेल्यासाठी ओट्यावर बाकडं टाकलं तेव्हा ते म्हणाले, “आता दवाखाना बी उघडा म्हना.” ज्येष्ठाच्या शेवटी त्यांचे स्वतःचे जावई लेकीला घेऊन आले. पाय धुतले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून जावईबापू म्हणाले, “मामाजी, एक काम होतं. तुमच्या शेजारच्या भगवंतरावची अन् माही भेट घालून देता का? मोठा मानूस हाये म्हन्ते.”

रंगरावांनी भेट घालून दिली. जावई होता, करतात काय. भगवंतरावांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला, रंगरावांकडे पाहून “आपलंच लेकरू हाये” म्हटलं, आणि जावई रात्री जेवताना त्या हाताबद्दल तीनदा बोलला.

तरीही रंगरावांनी तोंड मिटून धरलं. खुर्ची होती ना. तोंड सुटलं ते पोळ्याला.

आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे केले की झडत्या होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं तिखट. वर्षभर गावात जे झालं ते त्या दिवशी ढोलाच्या ठोक्यावर तोंडावर सांगायचं, आणि ज्याला लागलं त्यानं हसून नारळ द्यायचा, असा रिवाज. सरकारच्या चौकशीत नाव झाकता येतं, झडतीत येत नाही. उलट झडतीत नाव येणं हा एक हुद्दाच असतो. ज्याच्यावर झडती नाही, त्यानं वर्षभर गावात काही केलंच नाही असं समजतात.

त्या वर्षी पुंजाजी तोरणाच्या बल्लीला टेकून उभा राहिला आणि त्यानं सुरुवात केली :

“सडक निघाली नाकासमोर, जायचं होतं बाजाराले,
पाहून भगवंतरावचं फाटक, मुरका आला सरकाराले!
बैल चालते धुऱ्यानं, मानूस चालते वाटेनं,
सरकार चाललं, बाप्पा, भगवंतरावच्या बोटानं!
हर बोला हर हर महादेव!”

महादेवाचा गजर असा झाला की दोन बैल तोरण तोडून पळाले. भगवंतरावांनी एक नाही, दोन नारळ दिले. शेजारी रंगराव आपल्या जोडीचा कासरा धरून उभे होते. त्यांना वाटलं, आता आपली पाळी, निदान सडकेच्या आसपासचं तरी काही येईल. पुंजाजीनं त्यांच्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हटलं :

“रंगरावच्या बैलाले झूल, आजोबाच्या लग्नाची,
ठिगळं लावली तिले, ते बी आजीच्या लुगड्याची!
हर बोला हर हर महादेव!”

लोक हसले, पण रोजच्यासारखे. भगवंतरावांच्या झडतीला हसले तसे नाही. ज्या माणसानं सरकारचा नकाशा वाकवला, त्याच्या वाट्याला ठिगळं आली. रंगरावांनी नारळ दिला, पण तो पुंजाजीच्या हातात न पडता पायावर पडला.

तिसऱ्या दिवशी, तान्हा पोळा झाल्यावर, ते शेषराव पटवाऱ्यांकडे गेले.

“शेषराव, अर्ज लिहा.”

“कायचा?”

“त्या पट्टीचा. रयतेले नाव समजलं पाह्यजे.”

शेषरावांनी टाक खाली ठेवला. “भाऊ, भगवंतरावशी वैर घेऊन राह्यले तुमी. तो मानूस सडक वाकवते. तुमाले तं उभं मोडन.”

“लिहा म्हन्तो ना!”

अर्ज लिहिला गेला. रंगराव सांगत गेले आणि शेषराव घाबरत लिहीत गेले. ‘गुन्हेगार कितीही मोठा असो’ हे वाक्य रंगरावांनी तीनदा घालायला लावलं. ‘कितीही मातब्बर, कितीही वजनाचा, ज्याच्या शब्दाखातर सरकार वळते असा असो’ हे वरून घातलं. शेवटी शेषराव म्हणाले, “भाऊ, हा अर्ज हाये का पोवाडा?”

त्या अर्जानं रंगराव प्रसिद्ध झाले. खामगावच्या एका साप्ताहिकानं ‘मेहकर तालुक्यातील निर्भीड शेतकरी’ असं छापलं. बड्या धेंडांची नावं झाकणारं सरकार आणि त्याला जाब विचारणारा साधा कास्तकार, असा दीड रकाना होता. अंक गावात आला. शेषरावांनी चावडीत तो मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर पुंजाजी म्हणाला, “पाहा बाप्पा, भगवंतराव किती मोठा हाये. त्याच्यावर खामगावात लिहून येते.”

रंगरावांनी तो अंक घडी करून गव्हाणीत टाकला. बैलानं हुंगला आणि सोडून दिला.

दिवाळीच्या तोंडावर नवे साहेब आले. नागपूरकडचे, तरुण, चष्म्यातले, कारभार उघडा करायला निघालेले. गाव सतरंजीवर बसलं. बायका चावडीच्या बाहेर लिंबाखाली. खुर्च्या तीन. साहेबांनी आधी रंगरावांना आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“तुमचा अर्ज वाचला,” साहेब म्हणाले. “मूळ कागदही वाचला. आता तुम्हीच सांगा, हे नाव जाहीर व्हावं असं तुम्हाला खरंच वाटतं?”

“वाटते, साहेब.”

“ज्याचं नाव आहे त्याची खुर्ची जाईल. तालुक्याच्या लोकल बोर्डावर पुढं कधी नेमणूक होणार नाही. हा डाग पुसला जात नाही, रंगराव.”

रंगरावांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. त्यांची खुर्ची रिकामी दिसत होती. वेताची, एका हाताची कड उसवलेली. अकरा वर्षं ते तिच्यावर बसले होते. बापाला ती मिळाली नव्हती, आज्याला ठाऊकही नव्हती. आपल्या माघारी ती आपल्या मुलाला मिळावी म्हणून त्यांनी किती साहेबांना किती आंबे पाठवले होते. शेजारच्या खुर्चीवर भगवंतराव बसले होते, आणि सतरंजीवरचा एक माणूस पुढं सरकून त्यांच्या कानाशी काही सांगत होता. भगवंतराव आभाळाकडे पाहत होते. चावडीला छप्पर होतं, तरी ते आभाळाकडेच पाहत होते.

“जाऊ द्या खुर्ची,” रंगराव म्हणाले. “साहेब, नाव वाचा. पन मोठ्यानं वाचा. मागं बसलेल्याइले आयकू गेलं पाह्यजे.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “नोकरीला लागल्यापासून असा माणूस मी पाहिला नाही,” ते म्हणाले. रंगरावांनी जमिनीकडे पाहिलं. कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलं होतं, पण ते परत कसं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

साहेब बाहेर आले. रयतेसमोर उघड्या कारभारावर थोडं बोलले. मग म्हणाले, “ही पट्टी आता सर्वांसमोर काढली जाईल.” कोतवालानं ओलं फडकं घेतलं, पट्टी भिजवली आणि हलकेच ओढली. चिंचोक्याची खळ ती. पट्टी निघाली, पण एकटी निघाली नाही, खालचा कागदही घेऊन निघाली. नावाच्या जागी भोक पडलं आणि भोकातून चावडीची भिंत दिसायला लागली.

सतरंजीवर कुजबुज सुरू झाली.

“हरकत नाही,” साहेब म्हणाले. “मूळ कागद माझ्याजवळ आहे.” त्यांनी तो काढला, घसा साफ केला आणि खरंच मोठ्यानं वाचलं. “सदर गृहस्थांचे नाव : रंगराव.”

बाहेर एक बकरी ओरडली, ती अर्ध्यात थांबली. रंगराव हळूहळू उभे राहिले. त्यांनी उपरण्याचा पदर नीट केला, छाती पुढं काढली आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा भगवंतरावांकडे वरून खाली पाहिलं.

गावानंही भगवंतरावांकडेच पाहिलं. आधी पुंजाजीनं, मग शेषरावांनी, मग सगळ्यांनी. पुंजाजीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

“मानलं बाप्पा!” तो म्हणाला. “सडक तं कोनी बी वाकवन. ह्या मानसानं सरकारी कागदातलं नाव बदललं!”

“अन् खालचं खरं नाव फाडून नेलं, पाहा,” शेषराव भोकाकडे बोट दाखवून म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं? चार बोटाचं नाव होतं ते.”

“अबे, मीच हावो!” रंगराव ओरडले. “म्या वाकवली सडक! माह्या वावरात रोडगे खाऊ घातले ओव्हरशियरले. इचारा माह्या घरी!”

सगळ्यांच्या माना लिंबाखालच्या बायकांकडे वळल्या. अन्नपूर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, “रोडगे म्या केले होते. तूप बी माह्यंच. ह्यायनं काई नाई केलं.”

“आयकलं?” सतरंजीवरून एक म्हातारा कळवळून बोलला. “घरची बाई सांगून राह्यली, काई केलं नाई म्हून. तरी कबूल करून राह्यला बिचारा. काय दाब असन त्याच्यावर!”

“साहेब, तुमी सांगा ना यायले!” रंगराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

साहेबांनी सांगितलं. कागद दाखवला, सही दाखवली, मोहर दाखवली. जितकं दाखवत गेले तितकी लोकांची खात्री होत गेली, कारण सही आणि मोहरसुद्धा मिळवली म्हणजे भगवंतरावांचा हात नागपूरपर्यंत पोचलेला होता. आतापर्यंत तो मेहकरच्या पुढं गेला असेल असं कोणालाही वाटलं नव्हतं.

भगवंतरावांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. “जाऊ द्या बाप्पा,” ते म्हणाले. “होऊन जाते कधी कधी.”

मग साहेबांनी हुकूम वाचला. रंगरावांचा खुर्चीचा मान काढण्यात येत आहे. सडक पक्की झाली असल्यामुळं आहे तशीच राहील.

“अन् आमच्या मळ्याचं?” पुंजाजीनं विचारलं.

साहेबांनी कागद उलटून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं. “तो प्रश्न या चौकशीत येत नाही,” ते म्हणाले, आणि कारभार उघडा झाल्याच्या समाधानानं निघून गेले. कोतवालानं रंगरावांची खुर्ची उचलली, पण ठेवायची कुठं हे हुकमात नव्हतं, म्हणून ती तिथंच ठेवून दिली. भगवंतरावांनी जरा वेळानं तिच्यावर आपलं पागोटं ठेवलं.

पुढचे आठ दिवस रंगराव घराबाहेर पडले नाहीत. भेटायला लोक येत, पण मर्तिकाला येतात तसे. “मोठ्या मानसाच्या वाटे जाऊ नये, भाऊ,” असं म्हणून चहा पिऊन जात. जावयाचं पत्र आलं. आपण भगवंतरावांची माफी मागावी, मी मध्ये पडतो, असा त्यात मजकूर होता. रंगराव परसात बसून राहत. भिंतीपलीकडे आता गर्दी इतकी झाली होती की ऐकायला उखळावर चढायची गरज पडत नव्हती. तिकडं कोणी तरी सांगत होतं की जिल्ह्याचं ठिकाण बुलढाण्याहून आमच्या गावी आणायचं भगवंतरावांनी मनावर घेतलं तर काय अशक्य आहे.

“जेवून घ्या,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी रोडगे केले होते. तूपही होतं, भरपूर. “अन् मनात काई ठेवू नका. मले ठाऊक हाये ना, सडक कोनी वाकवली ते.”

रंगरावांनी मान वर केली.

“आपुन दोघाइनं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशेबानं ही फार मोठी सूट होती.

नवव्या दिवशी दुपारी दारात पुंजाजी उभा राहिला. हातात चौघडी केलेला कागद होता. डोक्याला नवं मुंडासं. असं मुंडासं माणूस फक्त अर्ज द्यायला जाताना बांधतो, आणि सहा महिन्यांत रंगरावांच्या दारात अर्ज घेऊन कोणी आलं नव्हतं. रंगराव बाजेवर सावरून बसले. उपरणं खांद्यावर घेतलं.

“ये पुंजाजी. बस. काय काढलं?”

पुंजाजी उंबऱ्याशी बसला. “भाऊ, मोठ्या मानसाजवळ काम हाये. लाज वाटते सांगायले.”

“लाज कायची?” रंगरावांचा आवाज भारी झाला. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि ती एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन पाहिली. जमलं. “सांग, सांग. होऊन जाते.”

“मळ्याच्या वाटेले नाल्यापाशी गाडी फसते. मिरच्या सडून राह्यल्या, भाऊ. सडक नाई तं नाई, पन तथी चार गाड्या मुरूम पडला असता तं आमी दीड कोसाचा फेरा बी सोसला असता. सतरा जनाइचे अंगठे हायेत याच्यावर.”

तो नाला रंगरावांच्याच वावराच्या कडेनं जात होता. मुरूमही त्यांच्याच वावरात होता, वरवर खणलं तरी निघेल असा. चार गाड्या म्हणजे गड्यांचं एका सकाळचं काम. रंगरावांचा जीव भरून आला. त्यांनी हात पुढं केला.

“आन तो अर्ज इकडं. आजच्या आज पाह्यतो.”

पुंजाजीनं अर्ज त्यांच्या हातात दिला आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला.

“लय उपकार झाले, भाऊ. तिकडं फाटकात गर्दी लय हाये, माहा नंबर लागून नाई राह्यला. तुमची त्यायची भिंतीले भिंत. भिंतीवरूनच भगवंतरावच्या हाती देजा.” तो उठला, मुंडासं सारखं केलं, आणि दारातून मागं वळून आवाज खाली आणून म्हणाला, “फक्त तुमी देल्लं म्हून सांगू नका, भाऊ. नाई तं काम बिघडन.”